किरायाची मोटार

लहानू: अहो साहेब, खरांगण्याकडून तो काय मोटारीचा रस्ता हाये? तिकून लाकडाच्या बंड्या जातेत फक्त. नाल्यात ही एवढी रेती. चाक फसलं तं काढाले बैल कोठून आनू मी?

महादेवराव: हळू बोल. मांडवात अजून पाहुणे झोपलेत. एकदा सांगितलं ना, खरांगण्याकडूनच जायचं. मोटार मी केली आहे.

लहानू: केली तुम्ही, पन हाये बबनरावाची. स्प्रिंग तुटली तं आर्वीच्या भर बाजारात मले उभा करून तो माझा उद्धार करन. सरका जरा, पानी टाकू द्या. काल येतानी लय तापली बिचारी. तुम्ही, मंदाबाई, तुमचे साळे, वासुदेवराव साहेब, त्याइच्या बाई, वरून त्या ट्रंका. आज पाहा, कशी खाली जाऊन राह्यली.

महादेवराव: खाली म्हणजे?

लहानू: म्हंजे काय! साहेब अन् बाई सकाळच्या सर्विस मोटारीनं नागपूरले गेले. तुमचे साळेबी त्याइच्याच संग. मंदाबाई लग्नघरी राहून राह्यल्या. उरलो आपन दोघं. एवढ्या मोठ्या मोटारीत दोघं. काल यातली एक जागा जरी—

महादेवराव: लहानू!

लहानू: बरं, नाई बोलत. पन मंग तळेगावचा रस्ता काऊन नको, तेवढं सांगा. सरळ हाये, गिट्टी टाकेल हाये. मधात फक्त बोरखेडीचा फाटा लागते.

महादेवराव: तेच.

लहानू: हं. तेच वाटलं मले.

महादेवराव: दादा काही आज तिथं उभा नसेल. पण त्याच्या गावचं कोणी भेटलं तर? तोंड कसं दाखवू? रात्री वरातीत एवढा बँड वाजत होता, मला ऐकूच येत नव्हता. डोळा मिटला की फाट्यावरचा तो निंब दिसायचा.

लहानू: निंबच दिसन. तुम्ही दुसरीकडं मान केली ना तवा. मी पाह्यलं तं मले मानूस दिसला. काखेत गठोडं, डोक्याले नवा फेटा, हात वर. मी ब्रेकवर पाय ठेवलता. तुम्ही म्हनले, चल. मले वाटलं असन कोनी फुकट बसनारा. मंग आरशात पाह्यलं तं तो धुळीतून मांगं पळून राह्यला.

महादेवराव: पळत? दादा?

लहानू: थोडासाच. मंग गुडघ्यावर हात ठेवून थांबला.

महादेवराव: हे तू काल का नाही सांगितलं?

लहानू: इचारलं कोनं मले? तुम्ही तं वासुदेवराव साहेबाइले कपाशीचा भाव सांगत होते. अन् साहेबानं मांगून इचारलं, कोन होता तो, तवा तुम्ही जे बोलले—

महादेवराव: बस झालं. पाणी टाकलंस ना? मार हँडल.

लहानू: मारतो.

महादेवराव: तुला समजायचं नाही, लहानू. मी कापसाच्या जिनात वासुदेवरावांच्या हाताखाली आहे. मॅनेजर माणूस, माझ्या भाचीच्या लग्नाला स्वतः येतो म्हणाला. त्याला काय सांगू, जरा दाटीवाटीनं बसा? मागे त्या बाई अंग चोरून बसलेल्या. मला वाटलं, सर्विस मोटार मागून येतेच आहे, दादा तिच्यात बसेल.

लहानू: लगनसराईत सर्विस फाट्यावर थांबते कधी? आर्वीलेच ठेचून भरते. तुम्हालेबी माहीत हाये ते.

महादेवराव: माहीत आहे.

लहानू: अन् तुमच्या बहिनीले, अनुसयाताईले तुम्ही सांगितलं, दादाले ताप आला म्हने.

महादेवराव: मग काय सांगायला हवं होतं? मोटारीतून उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, दादा कोठी? सगळे बघत होते. तोंडातून निघून गेलं. हँडल मार तू.

अनुसयाबाई: लहानूभाऊ! ओ लहानूभाऊ, थांबा जरा! महादेवा, माह्यासाठी थांब.

महादेवराव: बाई? तू कशाला उठलीस? पहाटे पोरीची पाठवणी झाली, जरा पडायचं ना.

अनुसयाबाई: पडून काय करू? डोयाले डोया लागत नाई. घर खायाले उठलं माह्यं. हे धर. हे लाडू, हा सुंठीचा काढा, शिशीत भरला हाये, सांडू नको. अन् ही भाकर अन् कढी.

महादेवराव: दे ना, मी पोचवतो दादाला.

अनुसयाबाई: तू काय पोचवतो? मी येऊन राह्यली तुह्या संग. आमच्या घरच्याइले इचारलं मी. ते म्हनले, मोटार जाऊनच राह्यली तं जा, भावाले पाहून ये. लहानूभाऊ मले सांजलोग परत आनून सोडन. सोडसान ना हो?

लहानू: मी काय, साहेब म्हनन तसं.

महादेवराव: बाई, ऐक. उन्हाचं कशाला? लग्नघर आहे, जावा-नणंदा काय म्हणतील? मी दादाला बघून तुला निरोप पाठवतो.

अनुसयाबाई: निरोपावर झालं ना काल. त्या घरी रामबाई वहिनी गेल्यापासून पान्याचा तांब्या द्यायले कोनी नाई. तापात पडला असन, भिंतीकडं तोंड करून. अन् मी इथं लाडू मोजत बसू? सरक तिकून. मोठी हाये व बाप्पा मोटार. कालपासून माह्यं बसायचंच राह्यलं होतं.

लहानू: साहेब, मंग कोन्या रस्त्यानं घेऊ?

अनुसयाबाई: हे काय इचारनं झालं? दादाच्या गावच्या रस्त्यानं! दुसरा कोन्ता हाये?

लहानू: काय म्हनता, साहेब?

महादेवराव: घे. तळेगावकडून घे.

अनुसयाबाई: भोंगा नका वाजवू हो, पोरं उठतीन. माय माय, किती धक्के मारते हे! तुम्हाले मळमळत नाई?

लहानू: सवय होते, ताई. दांडी धरा ती.

अनुसयाबाई: महादेवा, काल मी तुह्यावर रागावली असन तं मनात ठेवू नको. डोकं जाग्यावर नव्हतं माह्यं. तू तरी काय करशीन, तापानं आडवा मानूस मोटारीत घालून आनायचा काय?

महादेवराव: जाऊ दे ना, बाई. झालं ते झालं.

अनुसयाबाई: झालं तं झालंच. पन सारखं डोयापुढं येते. गोरजाचा मुहूर्त. भटजी घड्याळ पाहून राह्यले. पाहुनेमंडळी हातात अक्षता घेऊन उभी. अन् मामाच्या पिवळ्या लुगड्याचा पत्ता नाई. नवरीनं तेच नेसून उभं राह्यलं पाह्यजे ना अंतरपाटामांगं. मी सगळ्याइले सांगितलं, आमचा महादेव मोटार घेऊन येऊन राह्यला, त्यात दादा हाये, अन् दादाच्या हातात लुगडं हाये. मोटार आली. तू उतरला, मंदा उतरली, ते साहेब उतरले. मी आपली आत वाकून पाहून राह्यली, दादा मांगं कोठं दबला काय.

महादेवराव: मी शालू आणला होता ना गंगीला. नागपूरहून.

अनुसयाबाई: शालू काय करते? मामाचं लुगडं ते मामाचं लुगडं. मंग जाऊबाईनं पेटीतून कोरं पांढरं पातळ काढलं अन् दिलं हळदीच्या घागरीत बुचकळून. वाळवायले टाइम कोनाले? दोघीनं दोन टोकं धरून पिळलं अन् तसंच नेसवलं पोट्टीले. ओलं. पदरातून पानी टपटप. तू तं वऱ्हाडाच्या जानोशावर होता, पाहुन्याइची सरबराई करत, तुले काय माहीत!

महादेवराव: ओलं? मला कोणी बोललं नाही.

अनुसयाबाई: कोन बोलते लग्नात? नवरदेवाकडच्या बाया पदरात तोंड घालून हासून राह्यल्या होत्या. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अन् त्या गंगीच्या अंगालेच चिकटल्या साऱ्या. झटकल्या तरी पडेनात. मले म्हने, आई, मामाची तब्येत लय खराब हाये काय व? लुगड्याचं बोललीच नाई पोट्टी. मामाचंच इचारलं.

महादेवराव: लहानू, जरा सावकाश घे.

लहानू: सावकाशच घेऊन राह्यलो, साहेब.

अनुसयाबाई: बरं, तुले निरोप कोनं आनला?

महादेवराव: कसला?

अनुसयाबाई: दादाले ताप आल्याचा.

महादेवराव: भेटला होता एक माणूस. दादाच्या गावचा.

अनुसयाबाई: कोन? डोमाजी?

महादेवराव: नाव नाही विचारलं. घाईत होतो.

अनुसयाबाई: अन् त्याच्या हाती लुगडं नाई पाठवलं दादानं? असा कसा? मरन आलं असतं तरी ते गठोडं कोनाच्या तरी हातात देल्याबिगर त्यानं डोळे मिटले नसते. लहानूभाऊ, कोन होता हो तो मानूस? तुम्ही तं पाह्यला असन.

लहानू: मी डायव्हर मानूस, ताई. माह्यं ध्यान रस्त्यावर. मोटारीत कोन काय बोलते, ते माह्या कानाच्या कामाचं नाई.

अनुसयाबाई: मोठे इमानदार डायव्हर बाप्पा! पन मले एक उमजत नाई. दादाचा मांगच्या बाजारी निरोप होता, दमनी जुपून येतो, बैलाइच्या शिंगाले रंग देला म्हने, गळ्यात नवे घुंगरू घातले. मंग घरची दमनी सोडून मोटारीचं कोनं काढलं?

महादेवराव: मीच. मी म्हटलं, दादा, बैलगाडीत हाडं खिळखिळी कशाला करतोस या वयात? मी मोटार करतो. तू फाट्यावर उभा राहा, तुला उचलून घेऊ.

अनुसयाबाई: फाट्यावर?

महादेवराव: हो. म्हणजे, तसं ठरलं होतं. मग ताप आला ना.

अनुसयाबाई: चांगलंच केलं तू. तुह्या मनात आलं हेच लय झालं. त्याले तरी कोन बसवते गाडीत? जन्मभर दुसऱ्याले बसवलं त्यानं. तुह्या लग्नाची आठवन हाये? मंदाच्या गावी जातानी तुह्ये शाळेतले दोस्त दमनीत भरले, जागाच उरली नाई. दादा सारी वाट बैलाच्या बाजूनं पायी चालला. मी म्हनलं, दादा, एखाद्या पोट्ट्याले उतरव ना खाली. तं मले म्हने, आपल्या महादेवाचे पाहुने हायेत ते, गप बस.

महादेवराव: बाई, पुरे.

अनुसयाबाई: काऊन? असा काऊन चेहरा केला? तुलेबी मळमळून राह्यलं काय?

महादेवराव: हो. ऊन लागलं असेल.

लहानू: तळेगाव गेलं, ताई. आता फाटा येईनच. तथून गावात मोटार जाते की पायी जा लागते?

अनुसयाबाई: जाते, जाते. पांदन हाये, पन कोरडी असन आता. माय व, तो निंबाखाली कोन बसला हाये?

लहानू: कोठी?

अनुसयाबाई: तो काय! फेटावाला. दादाच हाये तो! एवढ्या उन्हात! महादेवा, पाह्य ना, दादा हाये!

महादेवराव: लहानू, चल. म्हणजे, जरा पुढे घे. सावलीत उभी करू. पुढे, अजून पुढे.

लहानू: आज नाई, साहेब.

(मोटार थांबते. दादा, म्हणजे थोरले भाऊ पुनाजी, गठोडं काखेत घेऊन उठतात, पण निंबाखालून पुढे येत नाहीत. अनुसयाबाई उतरून त्यांच्याकडे धावतात.)

लहानू: पाह्यलं ना, साहेब? आज त्याइनं हातबी नाई केला. उतरा आता. मोटारीत बसून काय होते?

अनुसयाबाई: दादा! कोनं सांगितलं तुले बाहेर पडायले? इथं काऊन आला?

पुनाजी: तूच कशी आली व, लग्नघर सोडून? पोट्टी गेली काय चांगली सासरी?

अनुसयाबाई: गेली. रडत गेली. तू अगोदर खाली बस. ताप हाये ना तुले?

पुनाजी: मले? ताप?

अनुसयाबाई: महादेवानं सांगितलं ना. फनफनून पडला म्हने काल, उठवत नव्हतं.

पुनाजी: महादेवानं सांगितलं?

महादेवराव: दादा, मी—

पुनाजी: हं. होता. होता थोडासा. रात्री उतरला.

अनुसयाबाई: कपाळ तं थंडगार हाये. उतरला माय, बरं झालं. पन अंगात राह्यते तो. हा काढा घे. सुंठ हाये, गुळवेल हाये. तोंड वाकडं नको करू, कडूच राह्यते.

पुनाजी: कायले व? आता नाई काई.

अनुसयाबाई: घे म्हनते ना मी! रातभर त्याचीच काळजी. अख्खी शिशी संपव.

पुनाजी: बरं, आन. तुह्यं समाधान होईन तं पेतो.

महादेवराव: पिऊ नको, दादा.

अनुसयाबाई: काऊन? तू मधात काऊन येते?

महादेवराव: ती शिशी ठेव खाली. त्याले ताप नव्हता, बाई. काल नव्हता, परवा नव्हता, कधीच नव्हता.

पुनाजी: महादेवा, जाऊ दे. ती थकून आली हाये.

महादेवराव: नाई, दादा. माझ्यापायी तू हे कडू प्यावं, एवढं मले पाहवत नाई. बाई, काल दादा इथंच उभा होता. हाच निंब. हेच गठोडं. त्यानं हात केला. लहानू थांबत होता, मी म्हटलं चल.

अनुसयाबाई: काय म्हनला?

महादेवराव: चल म्हटलं. जागा नव्हती. नाई, जागेचं सोड. जागा झाली असती. वासुदेवरावानं विचारलं, कोण आहे हो तो, हात करतो आहे? अन् मी म्हटलं, असंल कोणी खेड्यातला. माझा भाऊ म्हणायची मले लाज वाटली. त्याचं धोतर गुडघ्यावर, पायात वाहाणा फाटक्या. वासुदेवरावाची बाई नाकाला रुमाल लावून बसली होती. मले वाटलं, आता हा आत येईल अन् महादेवा म्हणून माह्या पाठीवर हात ठेवंल. तुह्या पाया पडतो, दादा, मले शिव्या दे. काहीतरी बोल.

अनुसयाबाई: शिव्या तो कायले देईन? मी देते तुले! ज्यानं तुले खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो खेड्यातला कोनी? अन् माह्यी पोट्टी ओलं लुगडं नेसून उभी राह्यली, ते तुह्या त्या साहेबाच्या बाईच्या रुमालापायी? भर मांडवात खोटं बोलला माह्याशी! अन् मी येडी, मोटारीत बसून तुह्यी समजूत काढून राह्यली!

पुनाजी: ओलं?

अनुसयाबाई: ओलं नाई तं काय! तुह्यं लुगडं आलं नाई म्हनून कोरं पातळ हळदीत बुचकळून नेसवलं तिले.

पुनाजी: ओलं नेसवलं पोट्टीले? हे तं कोरडं होतं व. पाह्य, सोड गाठ. हळदीत भिजवून, सावलीत वाळवून ठेवलं होतं. उन्हात रंग उडते म्हनून घरातच दोरी बांधली. पाह्य, कसं खडखडीत हाये.

अनुसयाबाई: असू दे, दादा. नको सोडू गाठ. मले पाहवत नाई.

पुनाजी: महादेवा, उठ बाबा. रस्त्यात असं बसू नाई. लोक जातेत येतेत.

महादेवराव: पळाला म्हणे तू. मोटारीमागं.

पुनाजी: कोनं सांगितलं? डायव्हरनं? पळालो थोडासा. पन तुले एक सांगतो, बसाले नाई पळालो मी. मोटार दुरूनच दिसली. मान्साइनं भरेल होती, वर ट्रंका. मले उमजलं, याच्यात आपली जागा नाई. बसाले हात नव्हता केला, महादेवा. हे लुगडं तेवढं द्यायचं होतं. तुह्या हातात देलं असतं अन् मी सुखानं घरी गेलो असतो.

महादेवराव: दादा...

पुनाजी: खिडकीतून घेतलं असतं तरी चाललं असतं. मोटार थांबवाचंबी काम नव्हतं. थोडी हळू केली असती तरी होत होतं.

अनुसयाबाई: अन् दमनी? दमनी तरी जुपायची होती मंग!

पुनाजी: दमनी डोमाजीले देली होती. त्याच्याबी घरचं लग्न होतं. मीच म्हनलं, घेऊन जा बाबा, आमच्याइकडं मोटार येऊन राह्यली. साऱ्या गावाले सांगून बसलो होतो. चारजन तं फाट्यालोग सोडाले आले होते मले. त्याइलेबी मोटार पाहाची होती.

महादेवराव: म्हणजे त्याइनंही पाहिलं?

पुनाजी: पाह्यलं.

महादेवराव: मग काय म्हणाले? काय सांगितलं तू त्याइले?

पुनाजी: काय सांगतो? म्हनलं, ही आपली मोटार नव्हे. आपली मांगून येऊन राह्यली. तुम्ही जा घरी, मी थांबतो. गेले ते. मी बसलो दिवस बुडेपर्यंत. आज वाटलं, परत तं याच रस्त्यानं जाशीन तू. तवा मोटार खाली असन, मंग तरी थांबशीन. लुगडं पोट्टीचं हाये, माह्या घरी ठेवून मी काय करू?

लहानू: दादाजी, हे साहेब तं आज खरांगण्याकडून—

पुनाजी: असू दे, भाऊ. आले ना इकडूनच.

अनुसयाबाई: लहानूभाऊ, मोटार फिरवा. आष्टीले चला, गंगीच्या सासरी. हे लुगडं दादाच्या हातानं देऊ तिले, साऱ्या घरासमोर. तिनं म्हनावं, माह्या मामानं आनलं.

पुनाजी: मी? अशा वेषानं तिच्या सासरी? तूच घेऊन जाजो व.

अनुसयाबाई: अशाच वेषानं. चाल, दादा, मांगं बस, माह्याजवळ. गठोडं मांडीवर घे. हं, अस्सं. अन् याले राहू द्या इथंच. याच निंबाखाली उभा राहून पाहू दे, मोटार गेल्यावर धूळ कशी लागते तोंडाले. सर्विस येतेच ना मांगून!

महादेवराव: राहतो मी. बाई बरोबर बोलते. जा तुम्ही. लहानू, ने त्यांना.

लहानू: नेऊ काय, दादाजी?

पुनाजी: थांब जरा, भाऊ. अनुसया, सरक तिकून थोडीशी. अजून. महादेवा, चाल, बस. जागा हाये.